मूठवाल्यांना विचारायचं नाही

दाजिबान पेठ, हुबळी
६ जानेवारी २०२५

आत्या,

पाया पडते असं लिहितेय खरं, पण आज कुणाच्याही पायांपर्यंत वाकायची माझी तयारी नाही. घरी आल्या आल्या साडी भिजत टाकली, कोपरापर्यंत हात साबणाने धुतले आणि मग लिहायला बसले. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून सांगितलं तर खाली दुकानात अप्पांना ऐकू जातं. म्हणून पत्र.

बी.एड.च्या सराव पाठांसाठी मला रायापूरची एक मराठी शाळा मिळालीय. नाव लिहीत नाही, तिथल्या हेडबाई तुमच्या ओळखीच्या निघायच्या. सातवीचा वर्ग, विषय गणित. फेब्रुवारीअखेरपर्यंत शिकवायचं आणि फेब्रुवारीच्या मध्यावर बाहेरच्या परीक्षकांसमोर एक पाठ द्यायचा. त्या पाठावर माझं सगळं अवलंबून आहे. त्यात फर्स्ट क्लास मिळाला तर हुबळीतल्या एका चांगल्या शाळेत जूनपासून नोकरी नक्की. नाही मिळाला तर अप्पांनी आधीच सांगून ठेवलंय, गुमान दुकानात गल्ल्यावर बसायचं आणि येतील ती स्थळं बघायची. स्टीलच्या डब्यांमध्ये आयुष्य काढायची कल्पना करूनच माझ्या अंगावर काटा येतो.

पण ही शाळा! वर्गाच्या खिडकीखालीच मुलगे लघवीला उभे राहतात. दुपारी ऊन तापलं की तो वास आत येतो आणि मी फळ्याकडे तोंड करून श्वास रोखून आकडे लिहिते. नळाखाली शेवाळ. बाकांवर सांबाराचे वाळलेले थेंब, त्यावर माशा. मी दोन दिवस खपून केलेल्या तक्त्याला एका पोराने तेल चोपडलेलं डोकं टेकवलं, तिथे आता पारदर्शक गोल पडलाय. नाकं तर विचारूच नका.

पहिल्याच बाकावर शेवंता नावाची मुलगी बसते. ती सबंध तास स्वतःच्या वेणीचं टोक चघळते. चघळते म्हणजे अक्षरशः चोखते. मग ते ओलं टोक वहीवर पडतं आणि तीच वही ती माझ्यापुढे करते. आज मी तिला "टेबलावर ठेव" म्हटलं आणि न तपासता, दोन बोटांनी धरून परत दिली. तिने ती दप्तरात घातली.

मला मुलं आवडतात असं मी प्रवेशाच्या वेळी सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते, मला तसंच वाटायचं. तुम्ही अळणावरच्या शाळेत अख्खी नोकरी हे कसं सोसलंत? मला तर शिसारीच आली.

तुमची शुभांगी

*

अळणावर
१० जानेवारी

शुभे,

पत्र पोचलं. धडधाकट आहेस, रागावलेली आहेस, म्हणजे तब्येत उत्तम. आशीर्वाद आहेतच.

तुझ्या बापाच्या दुकानात भांडी घासूनपुसून, कागदात गुंडाळून येतात. पोरं तशी येत नाहीत, ती घरून येतात. नाक पुसायला हात पुढे होत नसेल तर बँकेची परीक्षा दे, तिथे काच असते मधे. आणि "कसं सोसलंत" हे काय विचारणं? मी काय तुरुंगात होते?

आता कामाचं ऐक. तास सुरू व्हायच्या आधी सगळा वर्ग नळावर ने. तू पुढे हो, स्वतः हात धू, म्हणजे ती धुतात. नुसतं "जा रे" म्हटलं तर एकमेकांवर पाणी उडवून परत येतील. खिडकीखालचा कारभार बंद करायचा असेल तर मुलांना रागावू नकोस, त्यांच्यासाठी बांधलेल्या संडासाची किल्ली कुणाच्या खिशात आहे ते हेडबाईंना विचार. अशा शाळेत किल्ली नेहमी कुणाच्या तरी खिशात असते.

आणि त्या शेवंताची वेणी बघून तोंड फिरवू नकोस. बघतच राहा. ती तोंडात कधी जाते आणि कधी जात नाही, एवढं मला कळव. तुझ्या शिसारीचं मला कौतुक नाही, पण निदान डोळे उघडे ठेवून शिसारी येऊ दे.

मी बरी आहे. शेजारच्या लाकडाच्या वखारीतली करवतसुद्धा आता ऐकू येत नाही, त्यामुळे दुपारची झोप मस्त लागते.

सुशीलाआत्या

*

हुबळी
२० जानेवारी

आत्या,

किल्ली शिपायाच्या खिशात होती. संडास पाहुण्यांसाठी राखून ठेवला होता म्हणे. पाहुणे म्हणजे आमच्या कॉलेजचे वेंकटेश सर. मी हेडबाईंकडे तीन वेळा गेले तेव्हा उघडला. आता खिडकीतून वास येत नाही, तर माझं लक्ष मोठ्या माणसांकडे गेलंय आणि मला वाटायला लागलंय की मुलांचा वास परवडला.

वेंकटेश सर आमचे पाठ बघायला येतात. बघतात म्हणजे शेवटच्या बाकावर बसून चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरचीभजी खातात. ती आम्हीच आणायची, कुणी कोणत्या दिवशी ते ठरलेलं आहे. मुलांना मधल्या सुट्टीपर्यंत पाणी प्यायलासुद्धा उठायला बंदी, आणि हे मागे बसून मिरची चावून हाशहुश करतात. मग तेलकट बोटांनी माझ्या पाठाच्या टाचणावर सही ठोकतात, पान उलटत नाहीत. मी तरी कशाला लिहिते रात्रंदिवस? धारवाडला कॉलेजसमोरच्या दुकानात टाचणं तयार मिळतात. अपूर्णांकांसाठी थर्माकोलचा केकही मिळतो, वर लाल मणी चिकटवलेला. दुकानदार म्हणाला, "हाच घेऊन जावा की मॅडम, सगळे हाच नेतात, पाठ झाला की परत आणून द्या." मी आणला. दर तासाला भिंतीवर लावते आणि त्याचे आठ तुकडे करून दाखवते.

वर्गशिक्षक विठ्ठल सर आम्ही आल्यापासून व्हरांड्यात उन्हाला खुर्ची टाकून मोबाइल बघतात. परवा मला जवळ बोलावून म्हणाले, "परीक्षेच्या पाठाचं टेन्शन घेऊ नका हो. कच्चा माल त्या दिवशी बाहेर काढू. ग्राउंडवर दगड वेचायला धाडतो. बाकीच्यांत ज्याला येतंय त्यानं उजवा, येत न्हाई त्यानं डावा हात वर करायचा. झालं. सगळा वर्ग हात वर." आणि माझ्याकडे बघून हसले. 'कच्चा माल' म्हणजे मुलं, आत्या. शेवंता त्यात पहिली.

वेणीचं बघितलं. मी फळ्याकडे वळलेली असते तेव्हा ती पाठीवर असते. वर्गाकडे वळून मी "सांगा बघू" म्हटलं की तोंडात. नाव दुसऱ्याचं घेतलं की हळूच बाहेर येते. म्हणजे ती माझ्या भीतीने चघळते. मी वही दोन बोटांनी धरली होती ते आठवून मला आज जेवण गेलं नाही.

शेवंताला बाहेर काढलं तर तो निव्वळ हलकटपणा. आत ठेवलं तर ती पाठ बुडवणार, आणि पाठ बुडाला तर मी बुडाले. काय करू?

शुभांगी

*

अळणावर
२४ जानेवारी

शुभे,

कुणालाही बाहेर काढायचं नाही. हे पहिलं.

डावा-उजवा हात आता परीक्षकांनाही तोंडपाठ झालाय, त्यातले निम्मे तेच करून पास झालेत. त्याऐवजी हे कर. ज्याला येतं त्याने पंजा उघडून हात वर करायचा, ज्याला येत नाही त्याने मूठ मिटून. परीक्षक किती हात वर आले तेवढंच बघतो, बोटं बघत नाही.

नियम एकच आहे आणि तो नीट वाच. मूठवाल्याला विचारायचं नाही. पाठ कोसळला तरी नाही, परीक्षकाने डोळे वटारले तरी नाही. हे मुलांना आधी सांग आणि आजपासून रोज पाळ. दोन दिवस त्यांचा विश्वास बसणार नाही, चोरून बघतील तू काय करतेस ते. मग बसेल.

बाकी तुझ्या वेंकटेश सरांना मिरचीभजी जरा जास्त तिखट नेत जा. म्हातारीचा सल्ला.

सुशीलाआत्या

*

हुबळी
१ फेब्रुवारी

आत्या,

तुमचं पत्र वाचून मी लगेच उत्तर लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते तुम्हाला लिहिण्यासारखं नव्हतं. विठ्ठल सरांकडून मला ही अपेक्षा होती. तुमच्याकडून नव्हती. लहानपणी तुम्ही आलात की अप्पा आम्हाला सांगायचे, आत्यासमोर खोटं बोलू नका, तिला लगेच कळतं. आणि तुमच्याकडे फसवणुकीची ही सुधारून काढलेली पद्धत तयारच होती!

तरी केलं. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून केलं. मुलांना इतकं आवडलं की काय सांगू. तुम्ही म्हणालात तसं पहिले दोन दिवस बिचकत होती. एका पोराने मुद्दाम मूठ वर केली आणि माझ्याकडे टक लावून बघत बसला. मी दुसऱ्याला विचारलं. तो शेजाऱ्याला कोपर मारून हसला. आता प्रश्न विचारला की हातांचं रान उठतं.

शेवंताची वेणी आता पाठीवर असते. सबंध तास. प्रत्येक प्रश्नाला तिची मूठ पहिली वर जाते आणि चेहरा असा फुललेला असतो, जणू तिलाच सगळं येतंय. इथे बाईंना अक्कोरे म्हणतात. काल जाताना म्हणाली, "अक्कोरे, माझा हात बघितलासा? लई वर होता." मी "हो" म्हटलं. खोटं बोलण्यात इतका आनंद! आणि तो मी शिकवलाय. मी शिकवलेली ही एकच गोष्ट सगळ्या वर्गाला शंभर टक्के आलीय.

तेरा तारखेला परीक्षेचा पाठ आहे. मला हा चिखल अंगाला लावून नोकरी नको. काय करायचं ते मी ठरवलंय, आत्ता सांगत नाही. झाल्यावर लिहीन.

शुभांगी

*

अळणावर
६ फेब्रुवारी

शुभे,

तुला खोटं वाटतंय ते वाटू दे. पण "ठरवलंय, सांगत नाही" हे मला आवडलं नाही. काही शौर्य गाजवायचं असेल तर ते वेंकटेश सरांसमोर गाजव, वर्गात नको. नियम परत एकदा वाच.

उत्तर लगेच दे.

सुशीलाआत्या

*

अळणावर
१९ फेब्रुवारी

शुभे,

तुझ्या आईने शेजारच्या शाळामास्तरांच्या फोनवर निरोप दिला. पाठ उत्तम झाला, परीक्षकांनी पाठ थोपटली, तिने गल्लीत पेढे वाटले. आणि मुलगी खोलीतून बाहेर येत नाही.

ज्या मुलीचे पेढे वाटले जातात तिचं मला पत्र का नाही? काय करून बसलीस?

आत्या

*

हुबळी
२२ फेब्रुवारी

आत्या,

तुमचं सहा तारखेचं पत्र मिळालं होतं. मी वाचून बाजूला ठेवलं, कारण ते मला अडवेल अशी भीती वाटली. आता सगळं लिहिते. वाचून फाडून टाका.

मी असं ठरवलं होतं की परीक्षकांसमोर मूठवाल्यालाच विचारायचं. सोपा प्रश्न विचारायचा, मूल अडखळलं तर त्याला हळूहळू उत्तरापर्यंत आणायचं, आणि परीक्षकांना खरं शिकवणं कसं असतं ते दाखवायचं. मग मार्क कमी मिळोत की जास्त, मी स्वच्छ. एवढंच माझ्या डोक्यात होतं, मी स्वच्छ. मुलांना काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मुठी वर आल्या नसत्या ना.

दोन परीक्षक, वेंकटेश सर, हेडबाई, सगळे मागे बसलेले. केक भिंतीवर. मी विचारलं, "एक छेद चार मोठा की एक छेद आठ?" सगळे हात वर. शेवंताची मूठ सगळ्यांत उंच. ती माझ्याकडे बघून हसत होती. मी म्हटलं, "शेवंता, तू सांग."

तिला वाटलं माझी चूक झाली. तिने मूठ अजून उंच केली, मला नीट दिसावी म्हणून. जरा हलवली पण. मी पुन्हा म्हटलं, "हं, ऊठ, शेवंता." ती उठली. मूठ वरच होती, ती खाली घ्यायची हे तिला सुचलंच नाही. मी गोड आवाजात म्हटलं, "घाबरू नकोस, केककडे बघ." तिने केककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, वेणी शोधायला हात मागे गेला आणि ती ओकली. बाकावर, वहीवर, स्वतःच्या फ्रॉकवर.

आता पुढचं, आत्या. मी मागे सरकले. निऱ्या वर उचलून दोन पावलं मागे सरकले. पोर माझ्यासमोर थरथरत उभी होती आणि माझे हात निऱ्या धरण्यात गुंतले होते. विठ्ठल सर ओरडले, "ए, बाहेर जा, बाहेर जा!" ती बाहेर गेली. पोरांनी नाकं धरली, दोघं हसली. आणि मी काय केलं? मी वळून पंजा उघडलेल्या एका मुलाला तोच प्रश्न विचारला. त्याने बरोबर उत्तर दिलं. पाठ पुढे गेला. फरशीवर कुणीतरी माती टाकली.

परीक्षक शेवटी म्हणाले, अचानक अडचण आली तरी वर्गावरचं नियंत्रण सुटू दिलं नाहीत, फारच छान. सगळ्यांत जास्त मार्क मला. वेंकटेश सर म्हणाले, "शुभांगी, आजची भजी माझ्याकडनं." आणि मी खाल्ली, आत्या. नको म्हणायचं सुचलं नाही म्हणून दोन भजी खाल्ली.

शेवंता त्या दिवसापासून शाळेत आलेली नाही. बाकीची मुलं येतात, पण आता प्रश्न विचारला तर हातच वर होत नाहीत. ना मूठ, ना पंजा. खाली बघत बसतात. खिडकीखालच्या वासाला मी नाक मुरडत होते, आता मला माझाच वीट आलाय. आरशासमोर उभं राहवत नाही.

शुभांगी

*

अळणावर
२५ फेब्रुवारी

शुभांगी,

फाडलेलं नाही. ठेवलंय, तुला लागलं तर परत देईन.

मी तुला परीक्षकाला फसवायची युक्ती शिकवली असं तुला वाटलं. तुझं शिक्षण तेवढंच झालेलं. अगं, त्या परीक्षकाला कोण विचारतं! त्याला जेवायच्या आधी घरी जायचं असतं. मूठ म्हणजे तू त्या पोरीला दिलेला शब्द होता. "मला येत नाही" हे ती सगळ्या वर्गादेखत, हात उंच करून, हसत सांगत होती. मोठी माणसं मरेपर्यंत हे सांगू शकत नाहीत. तुला त्यात खोटं दिसलं. तुला स्वच्छ व्हायचं होतं, आणि त्यासाठी तू पुसायला फडकं म्हणून ती पोर वापरलीस.

निऱ्यांचं लिहिलंस ते बरं केलंस. त्यावर मी काही बोलत नाही.

आता आरशासमोर उभी राहू नकोस आणि खोलीतही बसू नकोस. तिच्या घरी जा. रडायला जाऊ नकोस, तुझं रडणं बघून पोरीचं काय भलं होणार? तिला काय हवंय ते विचार आणि ते कर. मग तुझ्या मार्कांचं काय व्हायचं ते होवो.

आत्या

*

हुबळी
२७ फेब्रुवारी

आत्या,

उद्या सकाळी जाते. एक विचारायचं होतं. तुमच्या वर्गात जे मूठ वर करायचे, त्यांचं परीक्षा झाल्यावर काय व्हायचं? त्यांना कधी कुणी विचारलं का?

शुभांगी

*

अळणावर
३ मार्च

शुभे,

माझ्या वर्गात साठ पोरं असायची आणि पावसाळ्यात अर्धं छप्पर. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही. तू जाऊन आलीस का ते लिही.

आत्या

*

हुबळी
८ मार्च

आत्या,

तुम्ही उत्तर दिलं नाहीत त्याचा मला राग नाही. आधी वाटलं होतं येईल.

गेले होते. रायापूरला रस्त्यापासून आत, पत्र्याची दोन खोल्यांची घरं आहेत, त्यातलं एक. शेवंताची आई तानूबाई धारवाडजवळ बेलूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते, तिची कामाची पाळी दुपारची होती म्हणून भेटली. तुमच्याच अळणावरच्या बाजूची माणसं, शेत पुरेना म्हणून इकडे आलेली. मला बघून तिने आधी चटई अंथरली, पाणी दिलं, आणि मग विचारलं, "काय केलासा हो अक्कोरे पोरीला? पोटात कळ येतीया म्हणती, शाळा नको म्हणती. म्हटलं, मग येतीस काय माझ्यासंगं बेलूरला? लगेच हो म्हणाली. म्होरल्या सोमवारपासनं घेतो म्हणालाय मेस्त्री. वय कोण इचारतंय?"

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. तिच्या दृष्टीने प्रश्न सुटलेला होता. बाराव्या वर्षी ही पोर आयुष्यभराच्या पॅकिंगला लागणार, आणि तिला तिथे धाडणारी मी.

शेवंता दाराआड उभी होती. मी तिच्यासमोर खाली बसले. तुम्ही सांगितलं होतं म्हणून रडले नाही. म्हटलं, "माझं चुकलं. तुला काय हवंय ते सांग." ती दाराआडून पुढे आली. मग एकदम म्हणाली, "मूठ होती माझी. तुम्ही बघितलासा आणि नाव घेतलासा."

"हो."

"सगळ्यांच्या म्होरं."

"हो."

"मग सगळ्यांच्या म्होरंच सांगा की. हितं कोण हाय ऐकायला?"

तानूबाई तिच्या अंगावर धावली, "तोंड बघा की मेलीचं! अक्कोरेंना सांगतीया! गप, सुम्नं बस!" मी तिला अडवलं. म्हटलं, "बरोबर बोलतेय ती. सोमवारी कारखान्यात नको, शाळेत पाठवा. एक दिवस फक्त. मग ती म्हणेल तसं." तानूबाई म्हणाली, "एक दिवस हां. मेस्त्री थांबणार न्हाई."

आमचा निरोपसमारंभ अठ्ठावीस तारखेचा हुकला होता, हेडबाईंना वेळ नव्हता म्हणून तो सोमवारी तीन तारखेला ठरला. म्हणजे वर्गात शेवटचा तास आणि मग फुलं, पेनं, फोटो. वेंकटेश सर त्यासाठी आलेले. शेवंता आली, पहिल्या बाकावर नाही, दाराजवळच्या बाकावर बसली, दप्तर मांडीवरच. वेणी तोंडात.

मी तास सुरू करायच्या आधी सांगितलं. काय काय बोलले ते नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, आपलं ठरलं होतं मूठवाल्याला विचारायचं नाही. ते मी मोडलं. शेवंताची काही चूक नव्हती. माझा पाठ चांगला दिसावा म्हणून मी तिला उभं केलं, आणि तिला बरं नव्हतं तेव्हा मी तिच्याजवळ गेले नाही, मागे सरले. मला शरम वाटते. तो पाठ आपण आधीच बसवलेला होता, तेव्हा मला मिळालेली शाबासकीही खरी नव्हती.

मागे वेंकटेश सरांचं खाणं थांबलं. व्हरांड्यातून विठ्ठल सर आत डोकावले.

मग मी प्रश्न विचारला. तोच. एक छेद चार मोठा की एक छेद आठ? कुणीच हात वर करेना. मी उभी राहिले. वाटलं, आता हे असंच संपणार. मग दाराजवळून एक मूठ वर आली. उंच नाही, कानापर्यंत. शेवंता हसत नव्हती, डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होती. ती मला तपासत होती. मी तिच्यावरून नजर पुढे नेली आणि थांबले. मग मागून एक पंजा आला, एक मूठ, आणखी मुठी. इतक्या मुठी मी आधी बघितल्या नव्हत्या, आत्या. तेरा तारखेला ज्यांनी पंजा दाखवला होता त्यातल्या कितीतरी आता मिटलेल्या होत्या. मी एका पंजावाल्याला विचारलं.

तास संपल्यावर वेंकटेश सर जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "अंतर्गत मार्क अजून माझ्याकडंच आहेत बरं का, मॅडम. युनिव्हर्सिटीला पाठवलेले नाहीत." आणि हसले. मिरचीचा वास आला. मी म्हटलं, "मग द्या की सर, जे द्यायचे ते." ते हारतुऱ्यांकडे गेले. काय करतील माहीत नाही. अंतर्गत मार्क कापले तर फर्स्ट क्लास जाईल, म्हणजे जूनची नोकरी बहुतेक गेली. अप्पांना अजून सांगितलेलं नाही, सांगेन.

फोटोसाठी सगळे ग्राउंडवर गेले. मीही निघाले होते. शेवंता तिच्या बाकावरून उठली नव्हती. वर्ग रिकामा झाल्यावर ती टेबलापाशी आली, दप्तर अजून छातीशी धरलेलं. म्हणाली, "आता इचारा."

मी म्हटलं, "एक छेद चार मोठा की एक छेद आठ?"

"आठ."

"का गं?"

ती माझ्याकडे बघत राहिली, मीच काहीतरी वेडगळ विचारल्यासारखी. "आठ मोठे न्हवं का चारापेक्षा?"

अख्खे दोन महिने मी तो केक कापून दाखवत होते, आत्या. आणि हिच्या डोक्यात काय आहे हे मला माहीतच नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं, असं विचारलं नव्हतं. पाठीमागे तो केक लटकत होता, त्यावरचा लाल मणी बघून मला संताप आला. तो तसाच राहू दिला. डब्यात चपाती होती, ती काढली. शेवंताला खुर्चीवर बसवलं, मी बाकावर बसले. म्हटलं, "चपाती एक आहे. चौघांत वाटू की आठजणांत, सांग, तुला जास्त कधी मिळेल?" तिने हात पुढे केला. त्याची बोटं शाईने माखलेली होती, आणि तिने चपाती स्वतःच फाडायला घेतली.

बाहेरून हाका येत होत्या, शुभांगी मॅडम, फोटो, फोटो. मग विठ्ठल सर दारात आले, हातात कुलूप, किल्ली वाजवत. म्हणाले, "चला, वर्ग बंद करायचाय."

मी म्हटलं, "किल्ली टेबलावर ठेवा आणि तुम्ही जा."

शुभांगी